डाव्या हाताचा मॅग्नेटो

कृष्णाबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या नात्यातले लोक म्हणतात. साफ खोटं आहे. कारण लागतं, आणि बहुतेक वेळा ते या म्हणणाऱ्यांनीच पुरवलेलं असतं.

बाईंचं वय सदुसष्ट. बेंगळुरात त्यांच्या घराण्याला साडेतीनशेवर वर्षं झाली. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आले ते परत गेलेच नाहीत. घरात मराठी बोलतात, पण अशी, की पुण्याचा माणूस दोन मिनिटं ऐकून विचारतो, ‘तुम्ही नक्की कुठले?’ बाई सांगतात, ‘इथले. तुम्ही कुठले?’

सरकारी कारखान्याच्या स्पेअर पार्टच्या गोदामात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. खिडकीच्या आत बाई, बाहेर सगळा कारखाना. साहेब असो की हेल्पर, ‘ते गोल गोल असतं बघा अक्का, ते द्या’ असं म्हणत जो आला त्याची धडगत नसे. ‘नंबर सांगा. तोंड बघून पार्ट देत नाही मी,’ असं ठणकावून त्या खिडकी लावून घेत. कुणी सांगितलेल्या नंबरावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. मशीनवरची नंबराची पट्टी आणा, मी स्वतः वाचते. तेहतीस वर्षांत बाईंनी चुकीचा पार्ट दिला असं एकदाही झालं नाही, आणि याचा त्यांना जो अभिमान होता तो लपवायच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत.

तर या बाईंना त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने सांगितलं, ‘अक्का, मशीनमधलं तुला काय कळतं?’

आता सांगा, राग यायला कारण लागतं की नाही?

मशीन म्हणजे ट्रॅक्टर. आणि ट्रॅक्टर म्हणजे शेतात दिसतात ते धूड नव्हे. कमरेएवढा, एका माणसाचा, एका सिलिंडरचा बागेतला ट्रॅक्टर. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, छावणीतल्या एका जुन्या बंगल्याचं सामान लिलावात निघालं तेव्हा तो घेतला. विलायतेहून आलेला, हिरव्या रंगाचा. देवनहळ्ळीला त्यांची चक्कोत्याची बाग होती. चक्कोता म्हणजे आपलं पपनस. देवनहळ्ळीचं पपनस आत गुलाबी आणि मधासारखं. झाडांच्या फांद्या पार खाली टेकलेल्या, बैलजोडी आत शिरायची नाही. हा ठेंगू ट्रॅक्टर मात्र फांद्यांखालून सुळकन जायचा. त्याला बॅटरी नव्हती. इंजिनाच्या पुढच्या कप्पीवर दोरी गुंडाळायची, चोक ओढायचा, कोंडलेली हवा सोडायचा खटका दाबायचा आणि एका दमात दोरी खेचायची. जमलं तर पहिल्या खेपेला भडभडून सुरू. नाही जमलं तर दोरी मनगटाला हिसका देऊन सांगायची, बाजूला हो.

अप्पांना संधिवात. ड्रायव्हर परवडायचा नाही. म्हणून तेरा वर्षांची कृष्णा दोरी खेचायला लागली आणि मग सीटवरही बसली. तीन वर्षं ती सगळी बाग तिने नांगरली. प्रताप तिच्याहून चार वर्षांनी लहान. तो फांदीवर बसून पपनसाच्या सालीची टोपी करून घालायचा आणि आरडाओरडा करायचा.

सोळाव्या वर्षी खंडेनवमी आली. या घरात खंडेनवमी म्हणजे मोठं प्रकरण. ओसरीवर पाट, पाटावर दोन गंजक्या तलवारी आणि एक कट्यार, समोर नांगर, कुदळी, मोटार, जे जे हत्यार म्हणून घरात असेल ते. तलवारींना गंध लावायचा मान पुरुषांचा. ट्रॅक्टरला गंध लावायचं काम मात्र कृष्णाचं, कारण ते काम तेलकट. इंजिनावर नंबराची एक पितळी पट्टी होती, चकचकीत, जणू कपाळच. तिच्यावर कृष्णा दरवर्षी तीन बोटं ओढायची, हळद, कुंकू आणि चंदन, वर तेल. त्या वर्षी पूजा झाली, कोहळा फुटला, आणि अप्पांनी ताटातली किल्ली उचलून बारा वर्षांच्या प्रतापच्या हातात दिली. ‘आजपासून ट्रॅक्टर तुझा. घराण्याचा वारस तू.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णाला सांगितलं, ‘आता मोठी झालीस. सीटवर बसणं शोभत नाही.’

तिने कुंकवाचं तबक आत नेऊन ठेवलं. दुसऱ्या वर्षी ड्रायव्हर परवडला! बघा कसं असतं.

पुढे तिचं लग्न झालं, तरी खंडेनवमीला माहेरी येऊन पट्टीला तीन बोटं ओढायचं तिने सोडलं नाही. ट्रॅक्टर बंद पडला, शेडमध्ये गेला, तरी सोडलं नाही. प्रतापरावांच्या जुडग्यात ती किल्ली अजून होती. मोटारीच्या किल्लीशेजारी, चांदीच्या कडीत. पाव्हण्यांना ते काढून दाखवायचे, ‘ही अप्पांची किल्ली, ट्रॅक्टरची.’ कृष्णाबाई त्या किल्लीकडे बघायच्या आणि गप्प राहायच्या. त्यांना गप्प राहिलेलं बघणं हा योग तसा दुर्मीळच.

बागेचं काय झालं ते विमानतळाच्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही कळेल. प्लॉट पडले, रस्ते आखले, कमानीचं काम सुरू झालं. प्रतापरावांनी जमीन दिली तेव्हा अक्काची सही लागली. अक्काने आढेवेढे न घेता सही केली आणि एकच मागितलं. ‘ट्रॅक्टर मला दे.’

‘ने गं. भंगार ते,’ प्रतापराव म्हणाले.

इथवर सगळं सरी, म्हणजे ठीक, होतं. पण जूनच्या सुरुवातीला बाई नवऱ्याला घेऊन शेडवर गेल्या, तर आत एक तरुण टेप घेऊन ट्रॅक्टरची मापं काढत होता. आशय त्याचं नाव, लेआउटवाल्यांचा, म्हणजे प्लॉट पाडणाऱ्या कंपनीचा, मॅनेजर, पुण्याचा. मराठी ऐकून त्याला भलताच आनंद झाला.

‘आजी, हा आमचा एन्ट्रन्सचा हिरो! गेटवर चबुतरा करतोय, त्यावर हा. एकदम हेरिटेज फील. इंजिन काढून टाकलं की आत मस्त माती भरता येते. बोगनवेल सोडणार वरून.’

‘इंजिन काढून?’

‘म्हणजे ते तसंही डेड आहे ना.’

बाईंनी तिथूनच भावाला फोन लावला. पलीकडून प्रतापराव आधी अडखळले, मग चिडले. लेआउटवाल्यांना मी शब्द दिलाय म्हणाले. गेटवर अप्पांचं नाव लागणार म्हणाले. तू नेऊन करणार काय, बेंगळुरात शिवाजीनगरच्या दोन खोल्यांत ठेवणार का म्हणाले. आणि मग ते ऐतिहासिक वाक्य, ‘अक्का, मशीनमधलं तुला काय कळतं?’

‘मला दिलेली वस्तू तू दुसऱ्याला देतोस? मी सही करताना तुझी जीभ कुठे गेली होती रे? शब्द त्यांना दिलास, मला काय दिलं होतंस, चिंचोके?’

बराच वेळ हे चाललं. शेवटी प्रतापरावांनी, सुटका करून घ्यायची म्हणून, सांगितलं, ‘बरं. खंडेनवमीपर्यंत सुरू करून दाखव. सुरू झाला तर तुझा. नाही झाला तर गेटवर.’

बाईंनी फोनचा आवाज मोठा करून ते वाक्य पुन्हा वदवून घेतलं. ऐकायला तिघे होते. एक आशय. दुसरे त्यांचे यजमान, योगीराज. तिसरा शेजारचा शेतकरी श्रीहरी, ज्याने आपली दोन एकर पपनसाची बाग अजून कुणाला दिली नव्हती आणि ज्याच्या फांद्यांखाली भाड्याचा मोठा ट्रॅक्टर शिरत नसल्यामुळे जो दरवर्षी कुदळ घेऊन स्वतःच वाकत होता. ‘अक्का, सुरू झाला तर माझ्या शेडमध्ये ठेवा,’ श्रीहरी म्हणाला. ‘बाग नांगरून द्या म्हणजे झालं.’

चार महिने होते हातात.

शेडला अप्पांच्या वेळचं पितळी कुलूप कडीत नुसतंच अडकवलेलं असे. भंगार चोरायला कोण येणार? बाई आठवड्यातून चार दिवस बसने यायच्या, जुनी साडी खोचून बसायच्या आणि एकेक नट सोडवायच्या. टाकीत मुंग्यांचं घर. पिस्टन जाम. तो त्यांनी नऊ दिवस रॉकेलमध्ये भिजत ठेवला आणि लाकडाच्या ठोकळ्याने एकेक सूत हलवला. रिंगा घासून मापात बसवल्या. ज्याला ज्याला हात लागला त्याला तेल दिलं, त्या कुलपालासुद्धा. योगीराज बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब; त्यांना पान्हा आणि पक्कड यांतला फरक लग्नाला चव्वेचाळीस वर्षं होऊनही कळलेला नव्हता. ते पिशवी धरायचे आणि मागितलेली वस्तू सोडून बाकी सगळं पुढे करायचे.

खरी चीड आणली ती शिवाजीनगरच्या स्पेअर पार्टच्या बाजाराने. घर त्यांचं तिथलंच, दुकानं पायाखालची. पण कुठल्याही दुकानात शिरलं की दुकानदार बाईंकडे बघायचाच नाही. थेट योगीराजांकडे. ‘बोला सर, काय पाहिजे?’ योगीराज बाईंकडे बघायचे. बाई सांगायच्या, ‘अमुक मापाचा ऑईल सील, दुहेरी ओठाचा.’ दुकानदार योगीराजांना विचारायचा, ‘सर, कुठल्या गाडीला?’ बाई सांगायच्या. दुकानदार योगीराजांना समजावायचा, ‘सर, मॅडमना सांगा, असा सील येत नाही.’

‘अहो, मी काय मुकी आहे? की तुम्ही बहिरे?’ बाई कडाडायच्या. ‘यांना विचारताय! यांना घरातला बल्ब बदलता येत नाही!’

‘खरं आहे,’ योगीराज म्हणायचे.

एका पठ्ठ्याने तर बाईंना बसायला स्टूल दिलं, कॉफी मागवली आणि योगीराजांना बाजूला घेऊन गोदाम दाखवलं. बाईंनी कॉफी घेतली नाही. स्टुलावरून उठल्या, गोदामात घुसल्या, तिसऱ्या फळीवरून सील काढला, नंबर वाचला आणि त्याच्या गल्ल्यावर आपटला. ‘येत नाही म्हणालात ना? हा घ्या. आला.’

कलीमुल्लासाहेब तेवढे वेगळे निघाले. त्यांचं दुकान म्हणजे एका गल्लीच्या टोकाला दहा बाय दहाची लोखंडाची गुहा. ऐंशीच्या घरातले, डोळ्यांवर जाड भिंगं. बाई आत गेल्या तसं म्हणाले, ‘क्या होना अम्मा?’ आणि योगीराजांना म्हणाले, ‘आप बैठो साब, पंखे के नीचे.’ बाईंना त्या क्षणी भरूनच आलं.

पाहिजे होता मॅग्नेटो. बॅटरी नसलेल्या इंजिनात ठिणगी पाडणारा डबा. जुन्या मॅग्नेटोची आतली तार जळून कोळसा झाली होती आणि बाहेरचं बिडाचं कवच फुटलं होतं. कलीमुल्लासाहेबांनी एक फाटकं पुस्तक काढलं. या इंजिनाला दोन तऱ्हेचे मॅग्नेटो येतात म्हणाले. एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे. बसायला दोन्ही बसतात, पण ठिणगी पाडायची वेळ दोघांची निराळी. इंजिनाच्या नंबरातला शेवटचा आकडा तीन असेल तर उजवा, आठ असेल तर डावा.

‘तीन,’ बाई म्हणाल्या. ‘मी स्वतः वाचलाय.’

‘पक्का?’

‘साहेब, तेहतीस वर्षं मी हेच केलंय.’

उजव्या हाताचा मॅग्नेटो मिळायला दीड महिना लागला. कलीमुल्लासाहेबांनी सेलमला फोन केले, कोईमतूरला केले. अखेर गणपतीनंतर तो आला. बाईंनी तो पुसला, घासला, चांदीसारखा लखलखीत केला आणि बसवला. कप्पीवर दोरी गुंडाळली. योगीराजांना लांब उभं केलं. खेचली.

इंजिनाने एक उलटी लाथ घातली. दोरी हातातून हिसडून मागे गेली आणि बाईंचं मनगट कळवळलं. पुन्हा खेचली. पुन्हा लाथ. तिसऱ्यांदा नळीतून धाडकन आवाज, काळा धूर, आणि इंजिन गप्प. चार दिवस हेच. पॉइंट साफ केले, प्लग बदलला, पेट्रोल बदललं. पाचव्या दिवशी मनगट भोपळ्याएवढं सुजलं. आशय साइटवरून फिरता फिरता आत डोकावला. ‘आजी, चबुतरा रेडी आहे हां. नो प्रेशर.’

खंडेनवमीला अकरा दिवस उरले होते. बाई सुजल्या हाताने तडक शिवाजीनगरला आल्या आणि गल्लीत पाय ठेवल्यापासून बोलायला लागल्या.

‘साहेब, तुम्हाला मी माणूस समजत होते! ऐंशी वर्षांच्या माणसाने असं फसवावं? कसला मॅग्नेटो दिलात हा? कुणाचं भंगार माझ्या गळ्यात मारलंत? बाकीचे मला बाई म्हणून फसवतात, तुम्ही अम्मा म्हणून फसवलंत, एवढाच काय तो फरक!’ गल्लीतली चार दुकानं हातातली कामं टाकून बाहेर आली. योगीराज पंख्याखाली जाऊन बसले.

कलीमुल्लासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग भिंगं पुसत एवढंच म्हणाले, ‘ठिणगी येते, पण वेळेवर येत नाही. अम्मा, एकदा नंबर फिरके देखो.’

‘नंबर मी वाचलाय!’

‘मालूम है. फिरके देखो.’

बाई रागारागाने देवनहळ्ळीला परत आल्या. केवळ म्हाताऱ्याचं तोंड बंद करायचं म्हणून पितळी पट्टीपुढे बसल्या. शेवटचा आकडा तीन. ढळढळीत इंग्रजी तीन. त्यांनी योगीराजांकडे पान्हा मागितला. त्यांनी सवयीप्रमाणे भलतंच पुढे केलं, दाढीचा जुना ब्रश आणि रॉकेलची वाटी. बाई खेकसणार, तोच त्यांचं पट्टीकडे लक्ष गेलं. तीनच्या डाव्या बाजूचं पितळ जरा जास्तच लालसर दिसत होतं.

त्यांनी ब्रश घेतला. रॉकेल लावलं, घासलं. तपकिरी पाणी ओघळलं. मग लाल. मग पिवळं. पन्नास वर्षांचं हळदकुंकू, तेल आणि चंदन आकड्यांच्या खाचांत भरून दगडासारखं घट्ट बसलं होतं. सुईने कोरलं तसे त्याचे पापुद्रे निघाले. तीनची डावी बाजू भरत, वळत, बंद झाली.

आठ.

बाई खाली बसल्या. दरवर्षीची ती तीन बोटं. त्यांचीच. बाकी कुणी त्या तेलकट यंत्राला हात लावायलाच येत नसे. दर खंडेनवमीला माहेरी येऊन, आपलं कोण आहे ते आपल्या बोटांनी सांगायला म्हणून ओढलेली बोटं, आणि त्या बोटांनी बरोब्बर तो एकच अर्धा आकडा बुजवून ठेवला होता. आणि सबंध गल्लीसमोर कुणाला फसवणूक करणारा म्हणाल्या होत्या? जो एकटा माणूस त्यांच्याशी बोलला त्याला!

‘तेहतीस वर्षं,’ त्या म्हणाल्या. ‘गाढव आहे मी.’

‘नाही गं,’ योगीराज म्हणाले. ‘पट्टी मळली होती.’

‘मळवली कुणी?’

दुसऱ्या दिवशी गल्ली तीच, दुकानं तीच. बाईंनी आवाज मुद्दाम कालच्याएवढाच चढवला. ‘साहेब, चूक माझी. नंबर आठ आहे. काल जे बोलले ते सगळं परत घेते, आणि ज्यांनी ज्यांनी काल ऐकलं त्यांनी आजही ऐकावं!’ कलीमुल्लासाहेबांनी हसून स्टूल पुढे केलं. या वेळी बाई बसल्या, आणि कॉफीही घेतली.

पण डाव्या हाताचा मॅग्नेटो दहा दिवसांत आणायचा कुठून? म्हातारबुवा बराच वेळ आठवत राहिले. दोन वर्षांमागे याच जातीचं एक इंजिन त्यांच्या हातून गेलं होतं, शहरातल्याच कोरमंगलाच्या एका हॉटेलवाल्याकडे. त्याच्यावर मॅग्नेटो होता, आणि त्यांच्या आठवणीप्रमाणे डावा.

कोरमंगलाचं ते हॉटेल म्हणजे बाहेर स्कूटरींची गर्दी आणि आत पोरापोरींची. इंजिन दारातच होतं. उभं केलेलं, वर दिव्याची टोपी. सिलिंडरच्या पंखांत कुणीतरी कागदी फुलं खोचली होती. मॅग्नेटो जागेवर होता, सोनेरी रंग फासलेला. बाईंनी वाकून फिरायची दिशा दाखवणारा कोरलेला बाण बघितला. नखाने रंग खरवडला. डावा.

‘मॅम, प्लीज टच मत कीजिए. ये इन्स्टॉलेशन है,’ मॅनेजर धावत आली. केतकी त्या मुलीचं नाव. छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं.

‘इन्स्टॉलेशन!’ बाईंचा पारा चढला. ‘अगं, याने कुणाची तरी बाग नांगरली असेल. विहिरीचं पाणी उपसलं असेल. आणि तुम्ही याच्या डोक्यावर दिवा ठेवून खाली कॉफी पिता? जिवंत माणसाचा हॅटस्टँड करतं का कुणी?’

मुलगी मराठी निघाली, नागपूरची. ती बिचारी भांबावली. योगीराजांनी मग आयुष्यात पहिल्यांदा पिशवीतून योग्य वस्तू, योग्य वेळी, न मागता बाहेर काढली. तो लखलखीत उजवा मॅग्नेटो.

बाईंनी दोन्ही शेजारी धरले. ‘बघ. दिसायला एकच. माझा जास्त चकाकतो. अदलाबदल करतेस?’

‘पण... फरक काय दोघांत?’

‘तुझ्या दिव्याला काही नाही.’

केतकीने मालकाला फोटो पाठवला. उत्तर आलं, चकाकणाराच लावा. बाईंनी तिथेच, कॉफी पिणाऱ्यांच्या मधोमध, पदर खोचून तीन बोल्ट सोडले.

खंडेनवमीच्या आदल्या सकाळी देवनहळ्ळीच्या शेडमध्ये इंजिन पहिल्या खेचीला भडभडून सुरू झालं. बाई रडल्या का? रडल्या. का लपवायचं? श्रीहरी बागेतून धावत आला. योगीराजांनी पिशवी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. प्रतापरावांना फोन गेला. त्यांनी फोनवर इंजिनाचा आवाज दोनदा ऐकून घेतला. मग ते म्हणाले, ‘छान. उद्या मीच येतो पूजेला.’

आले. जरीचा फेटा, नवा सदरा, बरोबर बायको भाग्यलक्ष्मी, गुरुजी, लेआउटची सात-आठ मंडळी आणि फोटोवाला. शेडपुढे केळीचे खांब, झेंडूच्या माळा. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. बाईंनी पट्टी सोडून बाकी सगळीकडे कुंकू लावलं. गुरुजींनी विचारलं, ‘यजमान कोण?’ आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत प्रतापराव म्हणाले, ‘मी. अप्पांनी मला दिलेला आहे हा.’

‘सुरू झाला तर माझा, म्हणाला होतास,’ बाई म्हणाल्या.

‘अगं हो, तुझाच! कोण नाही म्हणतंय? पण पूजेला घरचा पुरुष बसतो. लिंबावरून मी चालवतो, फोटो काढतो. मग लेआउटवाल्यांशी बसून बोलू. ते आता चालू गाडीच ठेवायची म्हणताहेत, रविवारी मुलांना चक्कर. तुझी मेहनत आहेच की.’ आणि आशयकडे वळून मोठ्याने, ‘आमची अक्का! स्वल्प तापट, पण हात सोन्याचे!’

बाईंच्या कानशिलातली शीर उडायला लागली. श्रीहरीने मान खाली घातली. योगीराजांनी बायकोकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकले, कारण आता आभाळ फाटणार हे त्यांना माहीत होतं.

पण बाईंनी नुसता पदर खोचला. बाजूला झाल्या. ‘बस,’ म्हणाल्या.

प्रतापराव सीटवर बसले. फेटा सावरला. फोटोवाल्याने कॅमेरा लावला. त्यांनी खिशातून जुडगा काढला, चांदीच्या कडीतली ती किल्ली वेगळी केली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मग ती खाली नेली. स्टिअरिंगच्या खांबापाशी चाचपलं. टाकीखाली बघितलं. डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले, इंजिनाच्या कडेने बोट फिरवलं. बोटं काळी झाली. भाग्यलक्ष्मी हळूच म्हणाली, ‘अहो, खाली असेल.’ खालीही नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, ‘अक्का, किल्ली कुठे लावायची?’

‘त्या कुलपाला,’ कृष्णाबाई म्हणाल्या आणि शेडच्या दाराकडे बोट दाखवलं. ‘अप्पांनी तुला शेडची किल्ली दिली होती, प्रताप. ट्रॅक्टरला किल्ली नाहीच. कधीच नव्हती.’

आशयने फोटोवाल्याला कॅमेरा खाली घ्यायला सांगितलं.

‘पन्नास वर्षं तू मला सांगितलं नाहीस?’ प्रतापरावांचा चेहरा फेट्याहून लाल झाला.

‘पन्नास वर्षांत तू एकदा तरी लावायला आलास का?’

प्रतापरावांनी काळी बोटं नव्या सदऱ्याला पुसली. मग उतरले. बाईंनी कप्पीवर दोरी गुंडाळली, चोक ओढला, खटका दाबला आणि डाव्या हाताने, कारण उजवं मनगट अजून दुखत होतं, एका दमात खेचली. इंजिन बोललं. त्या सीटवर चढून बसल्या, गिअर टाकला, आणि चारही लिंबं फट फट फट फट फुटली. गुरुजींनी नारळ फोडायला हात वर केलेला तसाच राहिला, कारण बाई थांबल्या नाहीत. कमानीखालून गेल्या, रिकाम्या चबुतऱ्याला वळसा घालून गेल्या आणि श्रीहरीच्या बागेत, फांद्यांखाली, डोकं वाकवून शिरल्या. मागून योगीराज पिशवी घेऊन पळत होते.

मंडळी पांगली. प्रतापराव थोडा वेळ तिथेच घुटमळले. मग शेडपाशी गेले, दार ओढून घेतलं, कडी लावली आणि कुलपात किल्ली घातली. तेल दिलेलं कुलूप अलगद बंद झालं. आत काहीच नव्हतं.